भिवामामांची सकाळची धुलाई

तो व्हिडिओ मीच पाठवला. पाठवण्याआधी पूर्ण बघायला हवा होता, पण मी चाळीच्या नळावर रांगेत उभा होतो आणि तोंडात ब्रश होता. बेचाळीस सेकंदांपैकी पहिली पाचच पाहिली. दादरच्या फुलबाजाराबाहेर चारपाच जण एकाला तुडवत होते. खाली लिहिलेलं, 'मोबाईलचोराला पब्लिकचा प्रसाद'. माल चांगला वाटला. वर माझ्या पदरची एक ओळ टाकली: 'मामा, आजचा स्पेशल. शेवटची लाथ चुकवू नका.' शेवटी लाथ असतेच, हा माझा अनुभव.

चूळ भरून खोलीत आलो तर भिवामामा खाटेवर मांडी घालून हसत होते. "काय हाणलाय रे!" म्हणाले. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा हसले. तिसऱ्यांदा लावला आणि हसणं मध्येच तुटलं. कुणीतरी मसाला कुटायच्या डंकाचा खटका ओढावा तसं.

का तुटलं ते सांगण्याआधी मामा कोण ते सांगायला हवं.

मी करमाळ्याचा. शाळा तिथली, एक्स-रेचा कोर्स सोलापूरचा, नोकरी परळच्या एका हॉस्पिटलात. लालबागला भिवा धुरी आणि त्यांची बायको बकुळामामी यांच्या खोलीत, माळ्यावर, दीड वर्ष राहतो. माळा त्यांच्या मुलाचा, प्रितमचा. तो मी यायच्या सहा महिने आधी घर सोडून गेला होता. त्याची चादर, त्याचा पंखा आणि भिंतीवर त्याने चिकटवलेलं एक मोटरसायकलचं चित्र मला भाड्यासोबत मिळालं.

भिवामामांचं वय अठ्ठावन्न. मिलमध्ये लागायच्या वयाचे होईपर्यंत मिलचा संप झाला, म्हणून कणकवलीकडून आलेला हा पोरगा मसाला गल्लीत डंकावर उभा राहिला, तो बेचाळीस वर्षं तिथेच. डंक म्हणजे ओळीने वरखाली होणारी लोखंडी मुसळं आणि खाली उखळ. घराघरातून भाजलेल्या मिरच्या आणि खडा मसाला येतो, मुसळं तो कुटतात, चाळून राहिलेला भरडा पुन्हा आत जातो. एप्रिल-मे महिन्यात त्या गल्लीत नवा माणूस शिंकतो आणि जुना नुसते डोळे पुसतो. भिवामामा दोन्ही करत नाहीत.

डाव्या हाताची दोन बोटं एका सीझनला मुसळाखाली गेली. ती गोष्ट गल्लीत अजून सांगतात. रक्ताची धार लागलेली, आणि गिऱ्हाईक बाई विचारतेय, "अहो, मसाल्यात पडलं का?"

"नाय वैनी," मामा म्हणाले म्हणे, "बोटं भायेर पडली."

तेव्हापासून जे काय करायचं ते उजव्या हाताने. घमेलं उचलायचं, चहाचा कप धरायचा, आणि मारायचं. मारायचे खूप. गल्लीत दोन हमाल भांडले की सोडवायला मामांना बोलवायचे. ते दोघांनाही एकेक द्यायचे आणि भांडण संपायचं. पुरुषाचा आवाज त्याच्या तळहातात असतो असं त्यांचं मत होतं.

गल्लीचे दोन नियम. मसाला आत असताना डंक थांबवायचा नाही. आणि गिऱ्हाइकाने आपल्या मसाल्यावरून नजर हटवायची नाही. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुणाची बेडगी जास्त, कुणाची संकेश्वरी. वर्षभराचं कालवण त्या डब्यावर. म्हणून बायका तोंडाला पदर बांधून दोन-दोन तास उखळासमोर पहारा देतात.

हा असा माणूस संध्याकाळी अंगभर तिखट घेऊन घरी यायचा आणि गप्प बसायचा. मी राहायला आलो तेव्हा तर फारच गप्प. मामी म्हणाली, "त्यांका कायतरी हसवण्यासारख्या दाखव रे मोबाईलवर." मी मांजरं दाखवली. दुडदुडणारी बाळं दाखवली. नवरदेवाला घोड्यावरून पाडणारा घोडा दाखवला.

"ह्यात होतं काय?" मामा विचारायचे.

एकदा चुकून चोराला बदडतानाची क्लिप लागली आणि मामांनी कूस बदलली. उठून बसले. चष्मा लावला. "थांब, मागे घे. हा बघ, हा मारत नाय, हा आपलं घड्याळ सांभाळतो. हा टोपीवाला, हा कामाचा. पाय बघ कसा रोवलाय." त्या रात्री जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग तो नेमच झाला. रोज सकाळी मी एक धुलाई पाठवायची, मामांनी ती तीनदा बघायची, चुका काढायच्या आणि ताजंतवानं होऊन डंकावर जायचं. साखळीचोर, पाकीटमार, बाईची छेड काढणारा, देवळातल्या चपला पळवणारा. एक सणसणीत कानाखाली बघितली की मामांचा दिवस सुधरायचा. पट्टा काढण्यात वेळ घालवणाऱ्यांचा त्यांना विशेष राग. "पट्टा काढीसर चोर दादर क्रॉस करतो, येडझवा!"

मी एकदा विचारलं, "मामा, बाकी काही का नाही आवडत तुम्हाला?"

"ह्यात बरं असतं," ते म्हणाले. "चूक कुणाची ते वर लिहिलेलं असतं."

मी हसलो होतो. मामा हसले नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता प्रितमचं. हे मला मामीने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, उरलेलं गल्लीने. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गुणवंती वैती नावाच्या कोळणीचा आठ किलो मसाला मामांच्या डंकात होता. गुणवंतीबाई पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, पहाऱ्याला पक्की. त्या दिवशी तिच्या डोळ्यात मिरची उडाली आणि ती दोन मिनिटं नळावर गेली. परत येऊन तिने उखळावर वाकून वास घेतला आणि किंचाळली, "हा माझा नाय! ह्यात दुसऱ्याचं पडलंय!" खरंच पडलं होतं. रांगेतलं एका मालवणी घरचं घमेलं तिच्या उखळात रिकामं झालेलं. आणि ते रिकामं घमेलं हातात घेऊन प्रितम उभा होता. तो तेव्हा बावीसचा. सुट्टीच्या दिवशी बापाला मदत करायचा.

मामांनी खुंटीवरचा मशीनचा जुना पट्टा काढला. गल्ली भरलेली. प्रितम उकिडवा बसला आणि मामा पट्टा तुटेपर्यंत मारत राहिले. तुटल्यावर हाताने. गुणवंतीबाई ओरडत होती, "अजून मार! आठ किलो माझा!" नंतर ती समोरच्या डंकावर जायला लागली. प्रितम त्याच संध्याकाळी दोन कपडे घेऊन गेला. कुठेतरी पार्सल पोचवायचं काम करतो, दादरला तिघांत एक खोली घेऊन राहतो, एवढं मामीला ठाऊक होतं. मामांनी त्याचं नाव काढलं नाही.

तर त्या सकाळी.

मामांनी मला खुणेने बोलावलं. मोबाईल माझ्या हातात दिला. चित्र थांबवलेलं होतं.

"हा बसलाय कसा बघ."

मार खाणारा उकिडवा बसला होता. तोंड दिसत नव्हतं. डावा तळहात डाव्या कानावर घट्ट दाबलेला. मागून लाथा, उजवीकडून काठी, वरून चपला, सगळीकडून पडत होतं, आणि हा माणूस फक्त डावा कान सांभाळत होता. उजवी बाजू सताड उघडी. काठी येते तेव्हा नुसता कोपरापुढचा हात वर करतो, तोही उशिरा.

"असा कोण बसतो?" मी म्हणालो. "वेडा आहे काय?"

मामांनी आपला उजवा तळहात उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग मला कळलं. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या समोर बसलेल्या पोराचा डावा कान सापडतो. सहाव्या वर्षापासून सापडत असेल तर हात आपोआप तिथे जातो, मारणारा कुठल्याही बाजूला असो.

मामी तव्यावर घावणे घालत होती. हातात उलथनं घेऊन ती डोकावली. तिला चित्र एकदाच बघावं लागलं.

"माझो झील!" ती म्हणाली. "ह्यो माझो प्रितम आसा!"

आणि तिने उलथनं मामांच्या खांद्यावर हाणलं. गरम. पुन्हा हाणलं. "तुमीच शिकवलात त्याका असा बसूक! तुमीच!" तिसरं मानेवर. बेचाळीस वर्षं गल्लीला मारणारा माणूस कान झाकायचीही तसदी न घेता बसून राहिला. मी मध्ये पडलो, तर चौथं माझ्या मनगटावर बसलं. "आणि तू रे मेल्या! हसून हसून पाठवतस!" त्याचा डाग अजून आहे. ड्यूटीवर लोक विचारतात, मी सांगतो, घावण्याचा.

तवा जळायला लागला होता. मी गॅस बंद केला आणि नम्रताला फोन लावला. ती आमच्या विभागात माझ्याआधीच्या पाळीला असते, आणि दादरला मार खाल्लेला माणूस बहुधा आमच्याकडेच येतो.

"काल संध्याकाळचा मारहाणीचा पेशंट आहे का गं?"

"तीन आहेत. कुठला देऊ?"

"प्रितम धुरी."

"आहे ना, बेड सतरा. उजव्या हाताचं हाड आणि दोन बरगड्या. मीच फिल्म काढली. आणि ऐक, चोर-बिर नाहीये हं तो. त्याची स्कूटर टोइंगवाले उचलून नेत होते, तो गाडीमागे धावत होता. तेवढ्यात एक बाई ओरडली मोबाईल मोबाईल म्हणून. मग काय, धावणारा तोच एक. मोबाईल तिच्याच पिशवीत निघाला, शेवंतीच्या खाली."

मी हे मोठ्याने सांगितलं. मामी भिंतीला टेकून खाली बसली. तिला म्हटलं चला, तर ती म्हणाली, "आधी त्यांका जाऊ दे. नायतर माझ्या मागे लपान आत शिरतीत, मी ओळखतंय."

आम्ही दोघं चालत निघालो. मामा वाटेत डंकावर थांबले आणि कागदाची एक फुगलेली पुडी खिशात टाकून आले.

"मामा, पेशंटला तिखट?"

"पेशंटाक नाय. व्हिडिओतल्या निळ्या शर्टाक."

मग रस्ताभर त्यांनी तो व्हिडिओ लावला. फुटपाथवर थांबायचे, चष्मा सरळ करायचे, पुन्हा चालायचे. मी मोजलं, नऊ वेळा. रोजच्यासारखंच बघत होते, फक्त आता एकेकाचे फटके मोजत. "निळा शर्ट, सात. टोपीवाला, चार. काठीवाल्याची एकच, पण हाड तिनेच गेलं." मग थांबून: "आणि हा मागे उभा राहून शूटिंग करतो तो. त्याचा हात एकदा पण हलला नाय बघ." मी हो म्हणालो नाही. मीही चित्र न हलणारी क्लिपच पसंत करायचो.

वॉर्डात बेड सतरा खिडकीजवळ होता. प्रितमचा चेहरा वांग्यासारखा सुजलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. दारात बापाला बघितलं आणि त्याचा डावा हात वर गेला. कानावर. मामा अजून दहा फुटांवर होते, हात रिकामे, आणि त्या पोराने कान झाकला. त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने हात हळूच खाली घेतला आणि केस सारखे केल्यासारखं केलं.

मामा जिथे होते तिथेच बसले. वॉर्डाच्या मधोमध, फरशीवर, उकिडवे. बसताना मांडीत दाबून खिशातली पुडी फुटली.

लालबागचा ताजा मसाला बंद वॉर्डात काय करतो हे मी प्रथमच पाहिलं. आधी बेड पंधरा शिंकला. मग सोळा, मग नर्स, मग अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला एक गृहस्थ, तो तर शिव्या देत देत. आणि मग प्रितम. दोन वर्षं गल्लीबाहेर राहून त्याची सवय गेली होती. दोन बरगड्या मोडलेल्या माणसाला शिंक येणं म्हणजे आतून कुणीतरी लाथ घालणं. एक, दोन, तीन. तिसऱ्या शिंकेला तो ओरडला. बाप न शिंकता, न हलता, बघत होता.

"बाबा," प्रितम धापा टाकत म्हणाला, "काल जे राहिलं ते पुरं करायला आलात काय?"

"नाय," मामा म्हणाले. "सांगूक आलंय. ता घमेलां मी ओतलंलंय. मोबाईलवर बघत होतंय. चोराक बडवत होते ता. माझो हात चुकलो. तू नुसता उचललंस."

वॉर्ड शिंकत होता, पण ऐकतही होता.

"माहीत आहे मला," प्रितम म्हणाला.

"मग तेवा कित्याक नाय बोललस?"

"बोललो असतो तर थांबला असतात?"

मी खोटं सांगत नाही, मामांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "नाय."

"मग?"

"आता काय करू सांग. निळो शर्ट शोधू?"

"त्याला पोलीस शोधतील नाहीतर नाही शोधणार. तुम्ही गल्लीत सांगा. मला मारलंत ते बघायला जेवढे होते, तेवढ्यांच्या समोर. नाहीतर पुन्हा इथे येऊ नका. आईला पाठवा." मग त्याचा सुजलेला डोळा माझ्याकडे वळला. "हा कोण?"

मामांनी खरं तेच सांगितलं. "भाडोत्री. ह्येनाच पाठवलो माका तो व्हिडिओ."

"माझ्या माळ्यावर झोपतोस?"

"हो."

"आणि माझीच धुलाई फॉरवर्ड करतोस?" मामांचा मोबाईल त्याने डाव्या हाताने मागून घेतला, माझी ओळ वाचली, दोनदा. मला फरशी उघडावी असं वाटलं, पण ती हॉस्पिटलची पक्की फरशी. "ठीक आहे. हात मोकळा होऊ दे. एक कानाखाली. तुझ्या नावावर लिहून ठेव."

"ठेवली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, ऐन गर्दीत, मामांनी मसाला आत असताना डंक थांबवला. ज्यांचा मसाला होता त्या बाई ओरडल्या, "अहो धुरी, काय करताय?" मामा गल्लीच्या मधोमध गेले. समोरच्या डंकासमोर पदर बांधून गुणवंतीबाई उभी होती, पहाऱ्यावर.

"गुणवंतीबाय, तुझो मसालो मी बिघडवलंय! प्रितमान नाय!"

बाकीचे डंक चालू होते, काही ऐकू गेलं नाही. त्यांना ते तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा शेजारच्यांनी आपापले डंक थांबवले. मिरच्या कुटणाऱ्या त्या गल्लीत शांतता झाली, आणि चौथ्यांदा सांगताना मामांचा आवाज फाटला.

गुणवंतीबाईने नजर मसाल्यावरून काढली. सावकाश आली. मामांच्या खुंटीवरचा नवा पट्टा तिने काढला. कोळणीचा हात, पाट्या उचलून तयार झालेला. पहिला फटका पाठीवर, बनियन फाटलं. दुसरा दंडावर, रक्त आलं. तिसरा तिने उगारला आणि तसाच धरला.

"मी पण ओरडत होते त्या दिवशी, मार म्हणून," ती म्हणाली. "आता माझ्या वाटणीचा फटका मी कुणाकडून मारून घेऊ, सांग ना भिवा?"

तिने पट्टा उखळात टाकला आणि पुन्हा आपल्या मसाल्यासमोर जाऊन उभी राहिली. डंक एकेक करून सुरू झाले.

अर्थात कुणीतरी शूटिंग केलंच. दुपारपर्यंत क्लिप माझ्याही फोनवर आली. 'मसालेवाल्याला कोळणीचा झटका', खाली हसणारे चेहरे, त्यातले दोन आमच्या चाळीतले. मी ती कुणाला पाठवली नाही. पण अशी गोष्ट वॉर्डात पोचायला माझी गरज नव्हती. नम्रता म्हणाली, बेड सतराने ती एकदा बघितली. बेड सोळा म्हणाला, "पुन्हा लाव ना, मस्त हाणलाय." सतराने फोन उशीखाली सारला आणि विचारलं, "त्यांच्या दंडाला टाके पडले का?"

चार पडले. संध्याकाळी मामा पट्टी बांधून गेले, आणि त्याने त्यांना आत येऊ दिलं. सोबत मामी होती, घावण्यांचा डबा घेऊन. त्याला भरवताना तिने मामांना हात लावू दिला नाही.

प्रितम घरी परत आला नाही. दादरच्याच खोलीत राहतो. पण रविवारी दुपारी जेवायला येतो. मामांच्या शेजारी बसतो, डावीकडे, बोटं गेलेल्या हाताच्या बाजूला. का ते मी विचारलेलं नाही. निळा शर्ट अजून कुणाला सापडलेला नाही. मामांची सकाळची धुलाई बंद आहे. मी एकदोनदा पाठवून बघितलं, तर ते चष्मा लावायच्या आधीच विचारतात, "ह्येनी खरंच चोरी केली होती काय?" मला माहीत नसतं. मग ते मोबाईल परत देतात. हल्ली जुन्या इमारती सुरुंगाने पाडतानाचे व्हिडिओ त्यांना बरे वाटतात, पण तेही आत कुणी नव्हतं याची खात्री करून.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. फिल्म मीच काढली. हाड नीट जुळलं होतं. मी प्लेट बाजूला ठेवली आणि त्याच्यासमोर उभा राहिलो.

"मार आता. फेडून टाक."

त्याने मूठ वळून बघितली. पुरी वळली नाही. "अजून जोर नाही आला. अर्धीमुर्धी घेऊन काय करशील?"

त्याला दोन महिने झाले. दर रविवारी तो जेवतो, हात धुतो, माझा गाल बघतो आणि जातो. गेल्या रविवारी जरा जवळ आला, तोंड उजेडाकडे वळवून नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी दाढी करून बस."

केली. तो आला, जेवला, गेला. माझी बाकी आहे तशीच आहे.